यादीतले नाव

आमच्या किन्हवलीकडच्या मुलामुलींकडून मतदार नोंदणीचे अर्ज भरून घेण्याचे काम कॉलेजात दरवर्षी माझ्याकडे येते. अठरा वर्षे पूर्ण झाली की 'नमुना सहा' भरायचा. मुलगे भराभर भरतात आणि पळतात. मुली मात्र पेन हातात धरून बसून राहतात. "भर की ग," म्हटले तर एखादी हळूच म्हणते, "सर, आत्ता कशाला? लग्न झाल्यावर तिकडच्याच नावाने भरीन." तिकडचे नाव म्हणजे जे अजून तिलाही ठाऊक नाही, ते! सासर मुरबाडचे असेल, वासिंदचे असेल. त्या न ठरलेल्या नावापायी असलेले नाव यादीबाहेर राहते. आज मला या नावाविषयीच दोन शब्द बोलायचे आहेत.

बायकांना मताचा हक्क आयता मिळाला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १९१७ साली भारतमंत्री माँटेग्यू इकडे आले, तेव्हा मद्रासेत सरोजिनी नायडूंच्या पुढारपणाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले. त्याच साली अड्यारला विमेन्स इंडियन असोसिएशन निघाली होती. पुढे मताधिकाराचा विचार करायला साउथबरो समिती आली. तिने समाजाची स्थिती पाहता ही मागणी अकाली आहे, असे ठरवून टाकले. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आपल्या मुलीला, मिठनला, घेऊन १९१९ साली थेट विलायतेला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडून आल्या. मिठन पुढे बॅरिस्टर झाल्या. पार्लमेंटने काय केले? होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ज्या त्या प्रांताच्या कौन्सिलाने ठरवावे, म्हणून चेंडू इकडे टोलवला. आपल्या मुंबई इलाख्यात रमाबाई रानड्यांसारख्या वडीलधाऱ्या बाई या मागणीच्या पाठीशी उभ्या होत्या. १९२१ साली आधी मद्रासने आणि मग मुंबईने स्त्रियांना मत दिले.

दिले खरे, पण कोणाला? मत मालमत्तेवर होते. भर पावसात वाकून आवणी करणारी बाई पुष्कळ, पण खाचर तिच्या नावावर कुठे होते? तेव्हा तो हक्क शहरातल्या थोड्याशा बायकांपुरताच राहिला.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्षा होत्या. विषय मुलींच्या शिक्षणाचा होता; परंतु थोड्याच वर्षांत परिषद मताच्या प्रश्नावरही बोलू लागली. १९३५ च्या कायद्याने स्त्री मतदारांची संख्या वाढली, पण कशी? नवऱ्याला मालमत्तेमुळे मत असेल, तर त्याची बायको म्हणून तिलाही. स्त्रियांच्या संस्थांनी यास आधीपासूनच विरोध केला होता. मला या विरोधाचे फार कौतुक वाटते. वाढलेले ताट समोर असताना 'असे नको' म्हणायला हिंमत लागते. त्यांचे म्हणणे इतकेच, की मत द्यायचे तर प्रौढ माणूस म्हणून द्या, कोणाची तरी बायको म्हणून नको. डॉ. आंबेडकरही सायमन कमिशनच्या वेळेपासून प्रौढ मतदानच मागत होते. अखेर घटनेच्या ३२५ आणि ३२६ या कलमांनी हा वाद मिटवला. पुरुष असो की स्त्री, यादी एकच, आणि वय हीच मुख्य अट. स्वित्झर्लंडसारख्या पुढारलेल्या देशात स्त्रियांना हे १९७१ साली मिळाले.

आणि इथेच गंमत झाली. गंमत कसली, दुःखच म्हणायचे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या करणारे लोक दारोदार गेले, तर कित्येक बायका नावच सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको', एवढेच. विशेषतः उत्तरेकडच्या प्रांतांत हे घडले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ठेवायला नकार दिला. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. कोणी म्हणेल, हा निर्दयपणा झाला. मला तसे वाटत नाही. 'अमक्याची बायको' यादीत राहिली असती, तर मागच्या दाराने पस्तीस सालचा कायदाच परत आला असता.

आपण त्या बायांना हसू नये. नवऱ्याचे नाव उखाण्यातच घ्यायचे, ही रीत आपलीच. लग्नात नवरीचे नाव बदलण्याची हौसही आपलीच.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. यादीचे काम बहुधा तुमच्याच गळ्यात पडते. मुलींना सांगा, की लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. गाव बदलले तर 'नमुना आठ' भरून नोंद सासरच्या यादीत नेता येते. नावातली दुरुस्तीही त्याच नमुन्यावर होते. सतरा पूर्ण झालेल्या मुलीलाही आगाऊ अर्ज देता येतो. आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या आपल्या कातकरी बायांकडे पावसाळ्यातच जाऊन या. नंतर वाडीत कुलूपसुद्धा नसते, नुसती ओढलेली दारे असतात.

नमुना सहामध्ये नातेवाइकाच्या नावाचा एक रकाना आहे. त्यात वडिलांचेच लिहावे असे नाही, आईचे लिहिले तरी चालते. हे मी सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने चटकन मान वर केली. लिहायला बसली आणि थांबली. मग विचारून बाहेर गेली आणि घरी फोन लावला. आईचे कागदावरचे नाव कोणते, माहेरचे की सासरचे, हे तिला माहीत नव्हते.