‘चूक झाली’ म्हणणारी अमेरिका
(रेडिओवरील भाषण)

व्हिएतनामच्या युद्धाला अमेरिकेत विरोध कुणी केला, असं विचारलं तर आपण बिनदिक्कत सांगतो, कॉलेजच्या पोरांनी. लांब केस, गिटार, शिपायाच्या बंदुकीच्या नळीत खोचलेलं फूल. चित्र खोटं नाही. ऑक्टोबर 1967 मध्ये पेंटॅगॉनसमोर हे खरोखर घडलं. फक्त त्या चित्रालाच आपण अमेरिकेचं लोकमत समजून बसतो, आणि तिथं फसतो.

लोकमताचा हिशेब दुसरीकडे नोंदलेला आहे. ऑगस्ट 1965 मध्ये गॅलप या पाहणी करणाऱ्या संस्थेनं लोकांना विचारलं, व्हिएतनाममध्ये लढायला सैन्य पाठवलं ही चूक झाली का? 24 टक्के म्हणाले, हो. साठाच्या आसपास म्हणाले, नाही. मग हाच प्रश्न पुढं वर्षानुवर्षं विचारला गेला. ऑक्टोबर 1967 मध्ये ‘चूक’ म्हणणारे 47 आणि ‘नाही’ म्हणणारे 44. ऑगस्ट 1968 मध्ये ‘चूक’ 53 वर गेली, मे 1971 मध्ये 61 वर. लोक एका रात्रीत फिरले, असा दिवस या आकड्यांत शोधूनही सापडत नाही.

तसा दिवस हवा असतो म्हणून मग गोष्टी तयार होतात. त्यातली सगळ्यांत लाडकी गोष्ट टीव्हीवर बातम्या देणाऱ्या वॉल्टर क्रॉन्काइट यांची. जानेवारी 1968 च्या अखेरीस, तेत सणाच्या सुमारास, उत्तर व्हिएतनामच्या आणि व्हिएतकाँग या दक्षिणेतल्या बंडखोरांच्या सैन्यानं दक्षिणेतल्या शहरांवर एकदम हल्ले केले. क्रॉन्काइट तिकडे जाऊन आले आणि 27 फेब्रुवारीला दूरदर्शनवरून म्हणाले की हे युद्ध कोंडीत सापडलंय. ते ऐकून अध्यक्ष जॉन्सन खचले, क्रॉन्काइट गेला म्हणजे देश गेला, असं म्हणाले, अशी आख्यायिका आहे. गंमत अशी की त्या रात्री जॉन्सन टेक्सासमध्ये गव्हर्नर कॉनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते. आणि ‘चूक’ म्हणणारे तर चार महिने आधीच पुढं गेले होते. उलट तेतच्या हल्ल्यानंतर पहिले काही दिवस स्वतःला ‘ससाणा’ म्हणवणारे, म्हणजे युद्ध आणखी जोरात करा म्हणणारे, वाढून साठ टक्क्यांच्या घरात गेले. मार अंगावर आला की माणूस आधी मूठ आवळतो, विचार नंतर करतो. मार्च संपेपर्यंत ससाणे आणि कबुतरं, म्हणजे युद्ध आवरा म्हणणारे, जवळपास सारखी झाली होती.

जॉन म्यूलर नावाच्या राज्यशास्त्रज्ञानं 1973 मध्ये या सगळ्याचा अभ्यास छापला. शेजारी त्यानं कोरियाचं युद्धही ठेवलं, ज्यात मोर्चे जवळजवळ नव्हतेच आणि घरोघरी टीव्हीही पोचला नव्हता. दोन्हीकडे पाठिंबा घसरण्याची रीत सारखी निघाली. आपली माणसं किती मेली, किती जखमी झाली, त्या हिशेबानं पाठिंबा उतरतो, पण सुरुवातीचे बळी जास्त जाणवतात. शंभराचे हजार होताना जितका पाठिंबा जातो, साधारण तितकाच पुन्हा जायला हजाराचे दहा हजार व्हावे लागतात. ऐकायला निर्दय वाटतं. आहेच.

आता ‘चूक झाली’ या उत्तरात नेमकं कोण कोण होतं ते पाहू. हाउसिंग सोसायटीच्या सभेत पाण्याबद्दल तक्रार आहे का विचारलं, तर वरच्या मजल्यावरचा हात वर करतो कारण त्याच्याकडे पाणी चढत नाही, आणि तळमजल्यावरचाही करतो कारण त्याच्याकडे टाकी वाहते. सेक्रेटरीच्या वहीत तक्रारी दोन. अमेरिकेत तसंच झालं. परक्या देशात आपलं काम नाही म्हणणारा ‘चूक’ म्हणत होता, आणि लढायचं तर हात मोकळे ठेवून लढा, नाहीतर चालते व्हा, म्हणणाराही ‘चूक’च म्हणत होता. मार्च 1968 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, युद्धविरोधी सेनेटर यूजीन मॅकार्थी यांना 42 टक्के मतं पडली, जॉन्सन यांना 49. शांततेची लाट आली, असं वर्तमानपत्रांनी ठरवलं. मागाहून अभ्यासकांनी त्या मतदारांना गाठून विचारलं, तेव्हा मॅकार्थींच्या मतदारांत ससाण्यांचाच भरणा निघाला. त्यांचा राग होता जॉन्सन युद्ध नीट करत नाहीत याचा! त्याच महिन्याच्या 31 तारखेला जॉन्सन यांनी पुन्हा उभं न राहण्याचं जाहीर केलं.

दुसरा गैरसमज शिक्षणाचा. शिकलेला माणूस युद्धाच्या विरोधात आणि कमी शिकलेला झेंडा घेऊन पुढं, असं आपल्याला सहज वाटतं. जानेवारी 1971 मध्ये गॅलपनं विचारलं, वर्ष संपायच्या आत सैन्य परत आणावं का? 73 टक्के हो म्हणाले. कॉलेज शिकलेल्यांत हे प्रमाण 60 टक्के होतं, हायस्कूलपर्यंत गेलेल्यांत 75, आणि प्राथमिक शाळेवर थांबलेल्यांत 80. बरोबर उलटं. वयाचंही तेच. बहुतेक पाहण्यांत म्हाताऱ्यांपेक्षा तरुणच युद्धाच्या बाजूचे होते. काळे अमेरिकन आणि स्त्रिया सुरुवातीपासून जास्त साशंक होत्या. त्यांना कॅमेऱ्यांनी फारसं विचारलं नाही, एवढंच.

मिशिगन राज्यातलं डिअरबॉर्न हे मला या सगळ्यात फार बोलकं गाव वाटतं. फोर्ड मोटारींचं गाव, कामगारांची वस्ती. महापौर ऑर्व्हिल हबर्ड, काळ्यांना गावात घर मिळू देत नाही म्हणून कुप्रसिद्ध झालेला गृहस्थ. याच हबर्डनं नोव्हेंबर 1966 मध्ये गावच्या मतपत्रिकेवर प्रश्न घातला, लगेच युद्धबंदी करून अमेरिकन सैन्य व्हिएतनाममधून काढून घ्यावं का? तेव्हा देशात अजून युद्धाचीच हवा होती, तरी सुमारे 41 टक्के मतदारांनी हो म्हटलं. कुठल्या प्रभागांत जास्त? जिथं गिरणी-कारखान्यांत राबणारे राहत होते तिथं. सुखवस्तू प्रभागांत कमी. दोन वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला तेव्हा गावानं बहुमतानं सैन्य परत बोलवा म्हटलं. या माणसांनी कधी हातात फलक धरला नव्हता. धरणाऱ्याला त्यांनी कदाचित दोन शिव्याच घातल्या असत्या. पण सैन्यभरतीची चिठ्ठी कुणाच्या दारात येते हे त्यांना ठाऊक होतं. कॉलेजात नाव असेल तर भरती पुढं ढकलता येत होती, आणि कॉलेजात नाव घालायला पैसे लागत होते.

युद्ध नको आणि युद्धविरोधकही नकोत, हे दोन्ही एकाच माणसाच्या पोटात सुखानं नांदत होतं. 1968 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या पाहणीत लोकांना वेगवेगळ्या गटांना शून्य ते शंभर असे गुण द्यायला सांगितलं. युद्धविरोधी निदर्शकांना सुमारे एक तृतीयांश लोकांनी चक्क शून्य दिलं. 4 मे 1970 रोजी ओहायोतल्या केंट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. न्यूजवीकच्या पाहणीत दोष कुणाचा? 58 टक्के म्हणाले विद्यार्थ्यांचा. गार्डचा म्हणणारे 11. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये डोक्यावर कडक टोप्या घातलेल्या बांधकाम कामगारांनी युद्धविरोधी निदर्शकांना बडवून काढलं.

जॉन्सन यांच्यानंतर अध्यक्ष झालेले निक्सन हे ओळखून होते. नोव्हेंबर 1969 मध्ये त्यांनी दूरदर्शनवरून ‘मूक बहुसंख्यां’ना साद घातली, आणि लगेच घेतलेल्या पाहणीत 77 टक्क्यांनी त्यांना मान डोलावली. त्यांनी जे केलं ते हुशारीचं होतं. चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. भरतीसाठी सोडत सुरू केली, त्यामुळं ज्याचा आकडा मोठा लागला तो सुटल्यासारखा झाला. 1969 मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास असलेलं सैन्य टप्प्याटप्प्यानं मायदेशी आणलं. 1968 या एका वर्षात सुमारे 16,900 अमेरिकन मेले होते. 1972 मध्ये हा आकडा हजाराच्या आत आला. बॉम्ब मात्र पडतच राहिले, लाओसवर, कंबोडियावर, पुढं उत्तर व्हिएतनामवरही.

जून 1969 मध्ये लाइफ साप्ताहिकानं एका आठवड्यात मेलेल्या 242 अमेरिकनांपैकी बहुतेकांचे फोटो पानंच्या पानं छापले होते. पासपोर्टच्या आकाराचे, बरेचसे शाळेच्या अल्बममधले, नीट भांग पाडलेले. खाली नाव, वय, गाव. तो अंक पाहून कुटुंबंच्या कुटुंबं हादरली. पण त्याच आठवड्यात मेलेल्या व्हिएतनामींचे फोटो कुणी गोळा केले नव्हते, आणि पाहणीच्या प्रश्नातही ते फारसे आले नाहीत. युद्धात मेलेले व्हिएतनामी लाखांनी मोजावे लागतात. व्हिएतनाममधल्या माय लाय गावातल्या कत्तलीबद्दल लेफ्टनंट विल्यम कॅली दोषी ठरला, तेव्हा 1971 च्या पाहणीत 79 टक्के अमेरिकनांना तो निकालच पसंत नव्हता. काहींना वाटलं, पोरानं कर्तव्य केलं. काहींना वाटलं, वरचे अधिकारी सुटले आणि याला बळी दिलं. पुन्हा दोन मजल्यांची एकच तक्रार. व्हाइट हाउसवर तारांचा पाऊस पडला आणि निक्सन यांनी कॅलीला तुरुंगातून काढून त्याच्या राहत्या घरी नजरकैदेत ठेवण्याचा हुकूम दिला.

1972 च्या नोव्हेंबरात निवडणूक झाली. युद्ध ताबडतोब थांबवा म्हणणारे जॉर्ज मॅकगव्हर्न एकीकडे, निक्सन दुसरीकडे. युद्ध ही चूक होती असं दहांतले सहा जण सांगत होते त्या देशात मॅकगव्हर्न यांना मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन एवढंच मिळालं. बाकीची 49 राज्यं निक्सनची. डिसेंबरात हनोई आणि हायफाँगवर बी-52 विमानांनी बॉम्ब टाकले, जानेवारीत पॅरिसला युद्धबंदीचा करार झाला, आणि कंबोडियावरचे बॉम्ब थांबले ते पुढच्या ऑगस्टात, काँग्रेसनं पैसेच बंद केले तेव्हा.