संथ नदीवरील शोध
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंच्या आग्रहावरून चार शब्द बोलते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चुकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या जूनमध्ये मी धाकट्या भावाकडे अमेरिकेत ऑरेगन राज्यात गेले होते. तिथे तुआलटिन नावाची नदी आहे. लांबी सुमारे १३० किलोमीटर. उन्हाळ्यात ती इतकी संथ असते, की पाणी वाहते आहे हे त्यावर पडलेल्या पानाकडे पाहूनच कळते. एका रविवारी भाऊ म्हणाला, "ताई, आज होडीतून डबा शोधायला जाऊ."

हा डबा कसला, ते सांगते. उपग्रहांवरून ठिकाण कळण्याची जी सोय आहे, तीत अमेरिकन सरकारने सामान्य लोकांसाठी मुद्दाम थोडी चूक ठेवली होती. ती मे २००० मध्ये काढली. लगेच ३ मे रोजी, त्याच राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ, डेव्ह अल्मर या गृहस्थांनी एक बादली लपवली व तिचे अक्षांश-रेखांश लोकांना कळवले. तोच खेळ, जिओकॅशिंग, पुढे जगभर पसरला. डब्यात वही असते. तीत नाव व तारीख लिहायची, आतली वस्तू घेतल्यास तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तिथेच लपवायचा.

होडीत बसायला मी साफ नाही म्हटले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई आपल्या सांगलीत घरांत शिरली, ते तुम्हांला काय सांगावे! तेव्हापासून घाटावरही माझे पाय कापत. पण भाच्याने तरंगते जाकीट अंगात चढवले व म्हणाला, "आत्या, तू फक्त आकडे वाच."

कॅनू ही अरुंद, हलकी होडी. तीत उभे राहायचे नाही. पुढचा एका बाजूने वल्हवतो, मागचा दुसऱ्या बाजूने. नाहीतर होडी वळत जाते. मी मध्ये बसले. फोनवर ४५ अंश उत्तर, १२२ अंश पश्चिम असे आले आणि शाळेतला भूगोल आठवला. सांगली सुमारे १७ अंशांवर. म्हणून तिथला जूनचा दिवस साडेपंधरा तासांचा! आकडे वाचता वाचता माझी होडीच्या कडेवरची मूठ केव्हा सैल झाली, कळलेही नाही.

काठाला लागलो. फोन चार-पाच पावलांपर्यंत नेतो, पुढे आपले डोळे. तिथे तीन-तीन पानांची एक वनस्पती असते, तिला शिवले की अंग खाजते. ती चुकवत अर्धा तास शोधले. बापलेक झाडांच्या ढोलीत पाहत होते. मला मुळाशी एक दगड दिसला. त्याचे शेवाळ खालच्या अंगाला होते, म्हणजे कोणीतरी तो उलटा ठेवला होता. त्याखाली डबा! वहीत मी मराठीत नाव लिहिले, पुढे 'सांगली', आणि रुपयाचे नाणे ठेवले.

माझे भय सर्व गेले असे म्हणणार नाही. पुराला भ्यावेच. पण नदीला बाराही महिने पूर नसतो, हे मी विसरले होते. परत आल्यावर एका संध्याकाळी मी एकटीच घाटावर गेले आणि खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. ज्यांना सोबत यायचे असेल, त्यांनी अवश्य यावे.