१७ नंबरचा फॉर्म



माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची शाळा नववीत सुटली, लग्न झालं. गेल्या वर्षी तिने १७ नंबरचा फॉर्म भरला आणि दहावीचं बीजगणित माझ्या गळ्यात मारलं. रोज रात्री भांडी आवरून झाली की तिचा फोन. वर्गसमीकरणाचं सूत्र मी, इंजिनिअर बाईने, दोनदा चुकीचं सांगितलं. तिनेच पुस्तकात बघून दुरुस्त केलं. जीएसटीचा धडा तर तिनेच मला शिकवला. किराणा दुकान चालवते ना!

गणितात ४१ गुण पडले. तरी आज यायला तयार नव्हती. म्हणाली, "मी कुठे तुमच्या बॅचची?"

तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाई, मघाशी तुम्ही हजेरी घेतलीत, त्यात तिचं नाव राहिलं. तेवढं घ्या.