टाळ्यांपलीकडचा हिशेब

(रंगभूमीकडे वळू पाहणारे तरुण आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग व्हायचा होता आणि त्याच दिवशी भामिनीची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची लहानगी कन्या निवर्तली. काळजावर दगड ठेवून हा पिता रंगभूमीवर उभा राहिला आणि प्रयोग ठरल्याप्रमाणे पार पडला. कलावंताच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून ही हकिगत मराठी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि ते योग्यच आहे.

परंतु त्याच चरित्रातील पुढची पाने तितक्या आवडीने वाचली जात नाहीत. १९१३ साली बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. रंगभूमीवर अस्सल भरजरी शालू, खरे दागिने, नाट्यगृहात अत्तराचा दरवळ, असे ते वैभव होते. महाराष्ट्राने या नटाला डोक्यावर घेतले. तरीही मंडळी कर्जात बुडाली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक झपाट्याने तिकडे वळला. १९३५ साली बालगंधर्वांनी स्वतः 'धर्मात्मा' या बोलपटात संत एकनाथांची भूमिका केली. पण तेथे मन रमेना, म्हणून ते पुन्हा नाटकाकडे परतले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६७ साली ते गेले. मधल्या काळातील त्यांचे उत्तरायुष्य ओढगस्तीत गेले.

गुण, कष्ट आणि लोकप्रियता या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी शिगोशीग होत्या, त्याचा संसारही केवळ त्यांच्या बळावर सुरक्षित राहिला नाही. मग आज एकांकिका स्पर्धेत अभिनयाचे पारितोषिक मिळवून घरी आलेला मुलगा जेव्हा वडिलांना सांगतो, 'बाबा, आता मी पूर्णवेळ नाटकच करणार', तेव्हा त्या वडिलांच्या छातीत जे धस्स होते, त्याला भित्रेपणा म्हणून हिणवता येणार नाही. त्या भीतीला पोकळ धीर देऊन भागत नाही. तिच्यासमोर हिशेब मांडावा लागतो.

नाईट, तालीम आणि तारखा

व्यावसायिक रंगभूमीवर नटाला मासिक वेतन नसते. त्याला मिळते ती 'नाईट', म्हणजे एका प्रयोगाचे मानधन. प्रयोग झाला तर नाईट. रद्द झाला तर बहुधा काहीच नाही. नाटक उभे राहण्यापूर्वी महिना-दीड महिना तालमी चालतात. त्या काळात नवोदिताच्या हाती जाण्यायेण्याच्या खर्चापलीकडे फारसे काही पडत नाही. तालमी करून उभे राहिलेले नाटक पंधरा-वीस प्रयोगांत बंद पडले, तर तो सारा काळ उत्पन्नाच्या दृष्टीने वाया गेला असे समजावे.

समजा, एका नटाची नाईट ३,००० रुपये आहे. महिन्यात १० प्रयोग झाले, तर त्याच्या हाती ३०,००० रुपये येतील. ऐकायला ही रक्कम बरी वाटते. पण पुढच्याच महिन्यात परीक्षा, पावसाची झड किंवा क्रिकेटचे सामने आड आले आणि तीनच प्रयोग लागले, तर ते ९,००० होतात. घरभाडे मात्र दोन्ही महिन्यांत सारखेच असते. नवोदिताचे खरे दुखणे कमी उत्पन्नापेक्षाही या अनिश्चिततेत आहे.

निर्मात्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. नाट्यगृहाचे भाडे, वृत्तपत्रांतील जाहिरात, नेपथ्य वाहून नेणारा टेम्पो, कलाकारांची बस, लेखकाचे मानधन, प्रकाश-ध्वनीचे साहित्य आणि पडद्यामागील कामगारांची मजुरी हा खर्च सभागृह भरो वा न भरो, व्हायचाच असतो. प्रेक्षक येतो तो प्रामुख्याने शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी. साहजिकच त्याच मोजक्या तारखांसाठी सगळ्या नाटकांची झुंबड उडते. एखादा कंत्राटदार ठरावीक रकमेला प्रयोग विकत घेतो, तेव्हाच निर्मात्याच्या डोक्यावरचा भार तेवढ्यापुरता हलका होतो. अशा गणितात ज्याच्या नावावर तिकीट विकले जाते त्याची नाईट मोठी आणि इतरांची लहान, हे ओघानेच येते.

नोकरी सोडण्यापूर्वी

ज्यांची कारकीर्द दीर्घ झाली, त्यांच्या प्रारंभाकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांच्यापैकी अनेकांनी रंगभूमीवर उडी घेतली ती पायाखालची जमीन चाचपून पाहिल्यानंतरच.

डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात आणि पुढे आफ्रिकेत त्यांनी वैद्यकी केली. हौशी रंगभूमीवरचे काम त्याच्या जोडीने होत राहिले. १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीत, त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट होण्याचे ठरविले. १९७० साली 'नटसम्राट' आले आणि अप्पासाहेब बेलवलकर मराठी मनात कायमचे जाऊन बसले. लोकांच्या स्मरणात राहिला तो १९६९ चा धाडसी निर्णय. त्यामागची हौशी रंगभूमीवरील वर्षानुवर्षांची साधना फारशी कोणी आठवत नाही.

प्रशांत दामले यांनीही 'बेस्ट'मधील नोकरी सांभाळून रंगभूमीवर पाय रोवले आणि मग पूर्णवेळ नाटक पत्करले. पुढे ते स्वतः निर्माते झाले. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत षण्मुखानंद सभागृहात त्यांच्या नाट्यप्रयोगांची संख्या १२,५०० झाली. या आकड्यामागे वेळेवर पोहोचणे, प्रकृती राखणे, दौरे आखणे आणि तिकीटविक्रीवर रोज लक्ष ठेवणे, अशी शिस्त आहे. प्रा. लक्ष्मण देशपांडे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करीत आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात पन्नासहून अधिक व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करीत. एकपात्रीला नेपथ्य थोडे आणि माणसे कमी, म्हणून खर्चही बेताचा. त्यामुळे हा प्रयोग लहान गावांपासून परदेशांपर्यंत जाऊ शकला.

नोकरी म्हणजे कलेशी द्रोह, अशी एक समजूत तरुणांमध्ये असते. वरील तिन्ही उदाहरणे तिला छेद देतात. दुसरे उत्पन्न हाती असलेला नट वाईट संहितेला नकार देऊ शकतो. घरात पीठ संपलेल्या नटाला तो पर्याय राहत नाही.

कंठ, शरीर आणि मोसम

नटाचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर आणि त्याचा कंठ. यंत्र बिघडले तर कारखानदार दुसरे आणतो. नटाला ती सोय नाही. विक्रम गोखले यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्याला २०१६ साली घशाच्या विकारामुळे रंगभूमीवरून निवृत्ती घ्यावी लागली. रात्री उशिरा प्रयोग संपवून बसमध्येच झोप, दुसऱ्या गावी मिळेल ते जेवण आणि पुन्हा तिसरी घंटा, हा क्रम वर्षानुवर्षे चालवायचा तर आरोग्याची निगा हाही साधनेचाच भाग मानावा लागतो.

शहरी नाट्यगृहांपलीकडचे चित्र अधिक कठीण आहे. विदर्भातील झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की दिवाळीनंतर नाटकांचा मोसम सुरू होतो. वडसा हे त्याचे केंद्र. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेच पडतो. मोसम सरला की अनेक कलावंत पुन्हा शेती-मजुरीकडे वळतात. तमाशाचे फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखातील जत्रांपर्यंत हिंडतात. गावोगावच्या सुपाऱ्या ठरतात त्या नारायणगावच्या राहुट्यांतून. कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि मालक सावकाराकडून. एक मोसम बुडाला की ही सगळी साखळी कर्जात रुतते. ज्या विठाबाई नारायणगावकर प्रयोग चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ज्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्यांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. २००२ साली त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे नाट्यगृहे बंद झाली. मध्यंतरी काही महिने ती निम्म्या आसनक्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. त्या काळात पडद्यामागील कामगारांच्या घरी सहृदय रंगकर्मींनी शिधा पोहोचविला. ज्या व्यवसायात भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही आणि आजारपणाची तरतूद नाही, त्याची नाजूक अवस्था त्या दिवसांत सर्वांना दिसली.

मुलगी रंगभूमीवर जाते तेव्हा

१९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे यांनी भूमिका केली, तेव्हा कुलीन स्त्रीने रंगभूमीवर यावे की नाही, हाच वादाचा विषय होता. तो वाद केव्हाच संपला. तथापि दौऱ्यावर सुरक्षित निवास, स्वच्छ रंगपटगृह, वापरता येईल असे प्रसाधनगृह आणि मध्यरात्रीनंतर घरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था या साध्या गोष्टी अजूनही प्रत्येक ठिकाणी मिळतातच असे नाही. मुलीच्या पालकांनी या गोष्टी संस्थेला मोकळेपणाने विचाराव्यात. ज्या संस्थेला असे प्रश्न अपमानास्पद वाटतात, तिच्याविषयीचा निर्णय त्या उत्तरातच मिळतो.

घराने करावयाचा करार

तर मग घराने करावे काय? सरसकट नकार दिला तर मूल एक तर मन मारते, नाहीतर घर सोडते. डोळे झाकून होकार दिला तर पस्तिशीत ते रिकाम्या हाताने परत येते. या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे, ती कराराची.

पदवी पूर्ण व्हावी. त्यानंतर तीन वर्षांची मुदत ठरावी; त्या काळात राहणे आणि जेवण घराचे, वरखर्च स्वतःचा. नाटकाच्या जवळचे एखादे दुसरे कौशल्य त्याने आत्मसात करावे. ध्वनिमुद्रणासाठी आवाज देणे, निवेदन, बालनाट्याचे वर्ग, प्रकाशयोजना असे कितीतरी मार्ग आहेत. प्रत्येक नाईटची नोंद वहीत व्हावी, तिचा काही हिस्सा प्रथम बचतीत जावा, आरोग्यविमा पहिल्या वर्षीच घ्यावा. प्राप्तिकराचे विवरणपत्र दरवर्षी भरावे. पुढे घरासाठी कर्ज मागताना बँक नटाची लोकप्रियता विचारत नाही, कागद मागते. मानधन आणि ते देण्याचा दिवस लेखी ठरवून घ्यावा. त्यात संकोच मानू नये. तीन वर्षांनी घरातील सर्वांनी एकत्र बसून हा हिशेब पाहावा. 'प्रसिद्ध झालास का?' असे त्या वेळी विचारू नये. 'काम सातत्याने मिळते का, आणि ते तुला अधिक चांगले करता येऊ लागले आहे का?' एवढेच विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर हौशी रंगभूमीचा दरवाजा आयुष्यभर उघडाच असतो.

प्रेक्षकाचे ऋण

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, ते सांगली संस्थानच्या राजाश्रयावर. आज राजा नाही. आश्रय द्यायचा तो प्रेक्षकाने. शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते, २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये आहे. उतारवयात त्याचा आधार जरूर होतो, पण उमेदीच्या वर्षांत नट उभा राहतो तो तिकिटावरच.

येथे सुशिक्षित मध्यमवर्गाने स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहायला हवे. ओळखीचा नट भेटला की फुकट प्रवेशिका मागायची, गणेशोत्सवात किंवा संस्थेच्या वर्धापनदिनी त्याला बोलावून मानधनाचा विषय निघताच 'आपलाच कार्यक्रम आहे' असे म्हणायचे, शाल-श्रीफळ देऊन पाठवणी करायची, आणि दुसऱ्या दिवशी 'मराठी नाटकाला पूर्वीचे दिवस राहिले नाहीत' असा उसासा टाकायचा, हे अनेक ठिकाणी घडते. शाल आदराची खूण आहे. तिने विजेचे देयक मात्र भरता येत नाही. उत्सवाच्या अंदाजपत्रकात मंडपाची, ध्वनिक्षेपकाची आणि भोजनाची रक्कम आधी धरली जाते, तशीच कलावंताचीही धरावी आणि कार्यक्रम संपताच पाकीट त्याच्या हाती द्यावे. महिन्याकाठी एका नाटकाची तिकिटे कुटुंबाने रांगेत उभे राहून विकत घ्यावीत. त्या कुटुंबातील मुलाला रंगभूमीवर जाण्याची इच्छा उद्या झाली, तर आजच्या या तिकिटांनीच त्याची वाट थोडी रुंद केलेली असेल.

बालगंधर्वांच्या निष्ठेची कथा पुढेही सांगितली जावी. मात्र ती सांगताना त्यांच्या कर्जाचे पानही मुलांसमोर उघडावे. आपल्या नटाने पोटच्या दुःखावर पडदा टाकून प्रयोग करावा, अशी अपेक्षा बाळगणाऱ्या समाजाने, प्रयोगानंतर तो ज्या घरी परततो त्या घराची चूल पेटली आहे ना, एवढी विचारपूस करणे हे त्याचे कर्तव्य आहे.