जुडी कुठल्या पाण्यात धुता?



आपण भाटघर धरणाच्या काठची माणसं. बाजाराला निघताना कोथिंबिरीची जुडी ओढ्यात बुचकळतो. ती हिरवीगार दिसते. पण ओढ्यात वरच्या अंगाला गुरं डुंबतात. त्यांच्या शेणातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते जुडीला चिकटतात. भाजी कच्ची खाल्ली की हगवण लागते. लहान लेकरू त्यात दगावतंसुद्धा.

मोठ्या देशांनाही हे चुकलं नाही. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून असे जंतू पसरले. पन्नासांवर माणसं मेली.

म्हणून पालेभाजीला ओलं शेण घालू नका; चांगलं कुजलेलं खत घाला. धुतल्यानं जंतू कमी होतात, नीट शिजवल्यानं मरतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: जे पाणी आपण पिणार नाही, त्यात जुडी धुवू नका.