यंत्राचा रोगी आणि माणसाचा वैद्य



आम्ही काही वैद्यकाचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा मानसोपचाराच्या डॉक्टरांना शिकविणाऱ्या संगणकाविषयी आम्ही का बोलावे, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच की, नवा डॉक्टर शिकतो तो बहुधा गरिबाच्या देहावर आणि गरिबाच्या मनावर. आणि त्या गरिबांत आमची माणसे फार.

आमचा एक सोबती होता. १९९८ साली कारखाना बंद पडला, आणि मालकाची माणसे आपल्या पाळतीवर आहेत असे तो म्हणू लागला. घरचा डबासुद्धा हुंगून पाहिल्याशिवाय खाईना. आम्ही त्याला दवाखान्यात नेले. समोर शिकाऊ डॉक्टर, बाहेर भली मोठी रांग. "तुमच्या पाळतीवर कोण कशाला राहील? हे सारे मनाचे खेळ," असे डॉक्टर म्हणाले, आणि आमचा सोबती गप्प झाला. पुन्हा ती पायरी तो चढला नाही. डॉक्टर वाईट नव्हते. एक वाक्य किती महाग पडते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

ही चूक आधी यंत्रासमोर करता आली असती तर? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने १९७१-७२ च्या सुमारास सहकाऱ्यांसह असा एक रोगी संगणकात उभा केला. त्याचे नाव पॅरी. वय २८, अविवाहित, पोस्टातला कारकून, घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणारा. एका बुकीशी त्याचे भांडण झाले, आणि तेव्हापासून गुंडांची टोळी आपल्या जिवावर उठली आहे अशी त्याची समजूत. डॉक्टराने प्रश्न टंकित करावा, पॅरीने उत्तर द्यावे. यंत्राच्या पोटात भीती, राग आणि अविश्वास यांचे आकडे मांडलेले होते. प्रश्न टोचला की आकडे चढत आणि उत्तरे बदलत. पुढे खऱ्या रोग्यांच्या व पॅरीच्या मुलाखतींचे कागद तज्ज्ञांना दाखविले, तेव्हा यंत्र कोणते हे सांगण्यात ते नाणे उडविण्यापेक्षा फारसे सरस ठरले नाहीत.

यंत्र म्हटले की युनियनवाला विरोध करणार, अशी समजूत आहे. येथे आमचा विरोध नाही. आमच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार लेथवर आधी भंगाराच्या तुकड्यावर हात बसवीत असे. लोखंडाला जी सवलत, ती माणसाच्या मनाला का नको?

पण दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी : जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली डॉक्टरासारखे बोलणारा 'एलायझा' हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले, तेव्हा कर्ताच अस्वस्थ झाला. काही कामे यंत्रावर सोपवू नयेत, असे त्याने १९७६ च्या आपल्या ग्रंथात बजावले. आम्हांला ते पटते. यंत्राने खुशाल रोगी व्हावे, वैद्य होऊ नये.

दुसरी गोष्ट आमच्या सोबत्याने शिकविली. पॅरीच्या मागची टोळी खोटी, हे आधीच ठरलेले होते. आमच्या सोबत्याच्या डब्यात विष नव्हते, हे खरे. परंतु मालकांच्या काळ्या यादीत त्याचे नाव होते. ती यादी आम्ही पुढे डोळ्यांनी पाहिली. भ्रम कोठे संपतो आणि अन्याय कोठे सुरू होतो, हे यंत्रापुढे बसून कळणार नाही. त्यासाठी घरच्यांना विचारावे लागते, चाळीत जावे लागते.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या चुका यंत्ररुग्णापाशी करू द्या. आणि तेथे हात बसला की खऱ्या रोग्यासाठी त्यांना पुरेसा वेळ द्या. त्या दिवशी आमच्या सोबत्याच्या वाट्याला मोजून पाच मिनिटे आली होती.