ब्रह्मगिरीच्या वाटेनें

सानपाड्यास माझ्या घराच्या पूर्वेकडील खिडकींतून पारसिकची डोंगररांग दिसते. नवी मुंबई उभारतांना ह्या रांगेचा दगड मुबलक काढला गेला. तिच्या अंगावरील खाणींचे घाव पावसाळ्यांतील हिरवळीनेंही पुरते झांकत नाहींत. ह्या डोंगराचें मोल आपण खडीच्या हिशेबानें केलें. ज्याचें मोल लोकांनीं शतकानुशतकें निराळ्या मापानें केलें, तो ब्रह्मगिरि मी गेल्या श्रावणांत पाहून आलों. त्याविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

पर्वताला गुरुस्थान मानणें ही केवळ आपलीच रीत नव्हे. चीनमध्यें ताओपंथी साधक वूडांग पर्वतावर तपाला बसत. पंधराव्या शतकाच्या आरंभीं युंगलो बादशहानें तेथें भव्य मंदिरें बांधविलीं. १९९४ सालीं युनेस्कोनें त्यांची गणना जागतिक वारशांत केली. ह्या साधकांना जवळचे वाटावेत असे आपल्याकडील योगी म्हणजे नाथपंथी. महाराष्ट्रांत त्यांची आठवण ज्या डोंगराशीं विशेष जडली आहे, तो त्र्यंबकचा ब्रह्मगिरि होय.

उंची सुमारें ४,२०० फूट. पायथ्याशीं पेशव्यांच्या काळांत बांधलेलें त्र्यंबकेश्वराचें काळ्या पाषाणाचें देऊळ. देवळामागील वाट चढूं लागलों, तों धुक्यानें गांव गिळून टाकलें. पुढें पायऱ्या कातळांत कोरलेल्या आहेत. दोन्ही अंगांस खडकाच्या भिंती उभ्या, त्यांवरून पाणी निथळत असतें, आणि वर कडेला वानरें यात्रेकरूंच्या पिशव्यांवर नजर ठेवून बसलेलीं असतात. हा नुसता तीर्थाचा डोंगर नव्हे, किल्लाही आहे. १८१८ सालीं तो इंग्रजांच्या हातीं गेला.

परंपरा सांगते कीं, ह्याच डोंगराची प्रदक्षिणा करीत असतां वाघाच्या भयानें आईबापांपासून चुकलेला एक मुलगा गुहेंत शिरला, आणि तेथें त्याला गहिनीनाथ भेटले. तो मुलगा निवृत्तिनाथ. त्यानें पुढें धाकट्या भावाला, ज्ञानेश्वरांना, उपदेश दिला. निवृत्तिनाथांची समाधि त्र्यंबकेसच आहे, आणि पौष वद्य एकादशीस वारकरी तेथें जमतात. मराठी भाषेच्या वैभवाचा एक झरा ह्या कपारींतून निघाला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होऊं नये.

माथ्यावर गोदावरीचें उगमस्थान आहे. येथून निघालेलें पाणी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळतें. त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा मात्र पश्चिमेस वळते, आणि तिचें पाणी मुंबईच्या नळांना येतें. उगमापाशीं एका वृद्ध बाईनें वहाणा काढून हातांत घेतल्या. वाट निसरडी होती, म्हणून मीं म्हटलें, "आजी, पाय घसरेल." ती म्हणाली, "घसरूं दे बाळा. आईच्या उशाशीं वहाणा घालून कोणी जातं का?"

श्रोतेहो, डोंगराचें रक्षण आजवर ह्याच संकोचानें केलें. तेवढ्यानें आतां भागत नाहीं. २०२१ सालीं ह्या डोंगराच्या परिसरांतही खोदकाम चालल्याचें उघडकीस आलें, आणि तें थांबावें म्हणून निसर्गप्रेमी मंडळींना आवाज उठवावा लागला. देऊळ पडलें तर पुन्हां बांधतां येतें. कातळांत मुरणारें पाणी कोणाला बांधून देतां येणार नाहीं. वारसा म्हणजे देवळाचा कळसच नव्हे, त्यामागचा डोंगरही होय, हें ध्यानीं घेऊनच आपण यात्रेला निघावें.

परत आल्यापासून मी सकाळीं खिडकी उघडतों, तेव्हां पारसिककडे पाहतांना थोडी शरम वाटते. त्याच्याही माथ्यावर पाऊस पडतो, त्याच्याही कुशींतून ओढे वाहतात. तेथें कोणी वहाणा काढल्या नाहींत, एवढाच काय तो फरक.